अडत्या तिसऱ्या मजल्यावर राहतो

‘शेतातून थेट स्वयंपाकघरात’ या तीन शब्दांतला मधला शब्द पुण्याच्या नारायण पेठेत टिकत नाही. पेठेत थेट असं काही नसतंच. केळकर रस्त्यावरून लक्ष्मी रस्त्यावर जायचं तर मध्ये एकेरी वाहतूक असते, लग्नाची बोलणी न्यायची तर मध्ये कुणाची तरी मावशी असते आणि साधा पत्ता विचारला तरी तो मोदी गणपती, पत्र्या मारुती किंवा मुंजाबाचा बोळ अशा एखाद्या मध्यस्थ दैवतामार्फतच मिळतो. अशा ठिकाणी मुळशी, मावळ किंवा पुरंदरातल्या दोन-चार एकरांच्या घरच्या शेतातून आठवड्याला एक टोपली येऊ लागते, आणि ती घेणारा जिन्यात भेटेल त्याला सांगतो, “आम्ही मधला दलाल काढून टाकला.” माझं म्हणणं एवढंच, की दलाल निघत नाही. दलाल म्हणजे सहा-सात कामांची एक जुडी. तिला बांधणारा दोरा तेवढा माणसाचा असतो. माणूस गेला तरी कामं उरतात, आणि त्यांना राहायला जागा लागते. ती गुलटेकडीच्या मार्केट यार्डातून उठतात, टेम्पोत बसतात आणि बिनलिफ्टच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर येऊन बिऱ्हाड करतात. तरीही हा व्यवहार करावा असंच माझं मत आहे. फक्त तो कसला व्यवहार आहे हे समजून करावा, कारण न समजता केलेले करार पेठेत तीन-तीन पिढ्या कोर्टात चालतात.

आधी गुलटेकडीचा माणूस काय करतो ते पाहू. शेतकऱ्याचा माल रात्री मार्केट यार्डात येतो. हमाल तो उतरवतो, तोलणार वजन करतो, अडत्या माल मांडून गिऱ्हाईक गाठतो, भाव फोडतो, घेणाऱ्याला उधारी देतो आणि शेतकऱ्याच्या हातात पट्टी ठेवतो. पट्टी म्हणजे माल किती, भाव काय आणि कापलं किती याचा कागद. कापल्याचा आकडा विक्रीच्या आकड्याशेजारी शोभून दिसला की त्या कागदाचं वाचन पारावर आठवडाभर चालतं. पुढे किरकोळ विक्रेता येतो. तो निवडतो, धुतो, पाणी मारतो, नासकं फेकतो आणि नासक्याचे पैसे चांगल्यावर चढवतो. हे सगळं होऊन आपल्या पिशवीत पडणाऱ्या टोमॅटोच्या रुपयातले सुमारे ३३ पैसे शेतकऱ्याला मिळतात, कांद्याच्या रुपयातले ३६ आणि बटाट्याच्या रुपयातले ३७, असं रिझर्व्ह बँकेच्या अभ्यासकांनी २०२४ मध्ये मांडलं. म्हणजे आपण टोमॅटो विकत घेतो तेव्हा त्यातला एक भाग भाजी असते आणि दोन भाग प्रवासवर्णन. उरलेले ६७ पैसे कुणीतरी बसल्याजागी खाल्ले, असा निष्कर्ष लगेच काढावासा वाटतो. पण याच बँकेचा दुधाचा हिशेब सांगतो की तिथे रुपयातले सत्तरेक पैसे उत्पादकाला मिळतात. आता दुधाला मध्ये किती हात लागतात? संकलन केंद्र, शीतकरण केंद्र, टँकर, डेअरी, वितरक आणि पहाटे कडीला पिशवी अडकवणारा मुलगा. तेव्हा नुसते हात मोजून चोर सापडत नाही. दुधाला रोजचं ठरलेलं गिऱ्हाईक आहे, ठरलेला भाव आहे आणि वाटेत थंडावा आहे. टोमॅटोला यातलं काहीच नाही. काढणीपासून आपल्यापर्यंत येताना शंभरातले बारा टोमॅटो वाया जातात, असं लुधियानाच्या केंद्रीय संस्थेने २०१५ मध्ये मोजलं होतं. हे बारा टोमॅटो कुणाच्या खात्यावर घालायचे, हा भाजीच्या अर्थशास्त्रातला मुख्य प्रश्न आहे. बाकीचं सगळं कोथिंबीर.

तक्रार अर्थातच जुनी आहे. गाडीभर माळवं शहरात आणलं तर दलाल आणि म्युनिसिपालिटीची जकात मिळून सगळी किंमत गिळतात आणि गाडीभाडंही शेतकऱ्याला पदरचं भरावं लागतं, हा हिशेब जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये १८८३ सालीच मांडून ठेवलेला आहे. त्यांना तो ऐकीव माहितीवर मांडावा लागला नाही. घराण्याचा धंदाच फुलांचा आणि भाजीचा. याच फुल्यांनी पुण्याच्या म्युनिसिपालिटीत सभासद असताना मोठी मंडई बांधायच्या खर्चाला विरोध केला होता. तो पैसा शिक्षणावर घाला, असं त्यांचं म्हणणं होतं. गावाने ते ऐकून घेतलं, मंडई बांधली, १८८६ मध्ये गव्हर्नर लॉर्ड रे यांचं नाव देऊन ती उघडली, आणि पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने तिला नाव दिलं ते महात्मा फुल्यांचं. विरोधकाचं मत इतक्या आदराने बाजूला ठेवल्याचं दुसरं उदाहरण पुण्यातही चटकन सापडणार नाही. मुद्दा असा, की सव्वाशे-दीडशे वर्षं आपण एकच वाक्य बोलतो आहोत, ‘मधल्यांनी लुटलं’, आणि मधल्यांची कामं कोण करणार हे विचारलं की घड्याळ बघतो आहोत.

आता ही कामं टोपलीबरोबर वर कशी चढतात ते बघू. पहिलं निवडण्याचं. मंडईतली मेथी आंघोळ करून, मुळं झटकून बसलेली असते. घरच्या शेतातली मेथी सकाळी उपटलेली असते आणि येताना थोडं शेत बरोबर आणते. टोपलीत दोन जुड्या मेथी, एक चाकवत, एक शेपू आणि ‘यावेळी जास्त आली म्हणून घातली’ अशी अंबाडी असेल, तर तो दीड-दोन तासांचा कार्यक्रम आहे. मंडईत यातला बराच भाग कुणीतरी पैसे घेऊन करत होतं, आता ते कालचं वर्तमानपत्र पसरून फुकट होतं. या कामाला निवृत्त बँक अधिकाऱ्यासारखा माणूस नाही. तो पालेभाजीकडे नोटांसारखा बघतो: चलनात ठेवण्याजोगी, मळकी, फाटकी. एकेक पान उजेडात धरून तो असा काटेकोर निकाल देतो की अर्धी जुडी चलनातून बाद होते, आणि चहाबरोबर सुरू झालेली मेथी जेवणाला पोचत नाही. अर्थात अशी घरं थोडी. बहुतेक घरांत थेट खरेदीचा अभिमान एकाकडे असतो आणि निवडायचं ताट दुसरीकडे, आणि ही वाटणी कुणी केली हे विचारायची पद्धत नसते. ‘अडत वाचली’ असं जो म्हणतो त्याने ती कुणाच्या पाठीवर वाचली हे एकदा स्वयंपाकघरात डोकावून पाहावं. या संबंध लेखात विनोद न करता म्हणावं असं एवढं एकच वाक्य आहे, तेव्हा पुढे जाऊ.

दुसरं काम तोलण्याचं. वजनाच्या बाबतीत पेठ कुणावर विश्वास ठेवत नाही, आणि विश्वास ठेवलेल्या माणसावर तर मुळीच नाही. अर्धा किलो गवार ४८० ग्रॅम भरली तर ते वीस ग्रॅम कुठे गेले याचा तपास लागेपर्यंत गवार जून होते. उलट ५६० भरली तर त्याची नोंद होत नाही. ती आपल्या पुण्याईत जमा असते. तिसरं काम साठवणीचं. टोपली चौघांच्या कुटुंबाच्या मापाने भरलेली असते. पेठेतल्या घरात चौघं आहेत खरे, पण त्यातली दोघं न्यू जर्सीला आहेत. उरलेल्या दोघांपुढे दीड हात लांबीचा दुधी येतो. तो फ्रिजमध्ये उभा राहत नाही, आडवा बसत नाही, तिरका ठेवला तर दार लागत नाही. एका दुधीची एक दिवस भाजी, एक दिवस कोफ्ते, एक दिवस थालीपीठ, सालीची चटणी आणि तरीही एक वीत उरतो. या इमारतींत माणसांचा दुष्काळ नाही. कॉट भाड्याने घेऊन राहिलेली, स्पर्धा परीक्षांची मुलं वरखाली भरलेली आहेत. पण ती मेसमध्ये जेवतात. शेतीच्या प्रश्नावर शंभर गुणांचं उत्तर लिहू शकणारा माणूस शेजारच्या खोलीत आहे आणि दुधी त्याला देता येत नाही, अशी पेठेची रचना आहे.

चौथं काम सगळ्यांत महत्त्वाचं, आणि ते उसनं हसू आणून करावं लागतं. अडत्या शेतकऱ्याला उचल देतो. बियाणं, खत, घरातलं दुखणंखुपणं, लग्नकार्य यासाठी तो आधी पैसे देतो आणि मग माल त्याच्याच गाळ्यावर यावा लागतो. पिळवणुकीचं मूळ बरंचसं या दोरीत आहे. थेट व्यवहारात टोपलीचे पैसे महिन्याचे आगाऊ द्यायचे असतात. हे आगाऊ पैसे म्हणजे उचलच. फरक एवढाच, की या उचलीला व्याज नाही आणि पिकाचा धोका देणाऱ्याच्याही माथी आहे. मार्चमध्ये गारपीट झाली की शेतकऱ्याचा निरोप येतो, ‘या आठवड्यात टोमॅटो नाहीत, समजून घ्या.’ पुढच्या आठवड्यात निरोप येतो, ‘रानडुकरांनी रताळी उकरली.’ ज्या माणसाने आयुष्यभर पोस्टात आणि मुदत ठेवीत पैसे ठेवले, त्याचा आठवड्याचा स्वयंपाक मुळशीतल्या रानडुकरांच्या मर्जीवर येतो. शेतकऱ्याला हे वर्षाचे बारा महिने असतं. पेठेला ते महिन्यातून एकदा आणि एका भाजीपुरतं होतं, आणि तेवढ्यानेही ती हवामान खात्याला नावं ठेवू लागते, ढगांची छायाचित्रं एकमेकांना पाठवू लागते आणि पावसाला ‘बरा झाला’ ऐवजी ‘वेळेवर झाला’ म्हणू लागते. भाषेतला हा बदल लहान नाही.

ही मांडणी माझ्या डोक्यातून निघालेली नाही. जपानमध्ये १९७१ साली सेंद्रिय शेतीची संघटना स्थापन झाली, आणि तिथे ग्राहकांचे गट व शेतकरी यांच्यात जी थेट व्यवस्था रुजली तिला ‘तेइकेइ’ म्हणतात. १९७८ मध्ये त्यांनी तिची दहा तत्त्वं लिहून काढली. त्यांत ग्राहकाने आलेला सगळा माल स्वीकारावा असं एक तत्त्व आहे, आणि वाटपाचं काम उत्पादक व ग्राहकांनी स्वतःच करावं असं दुसरं. म्हणजे जपान्यांनी ‘मधला माणूस काढा’ म्हणताना त्याची कामं कुणी करायची हे त्याच कागदावर लिहिलं. आपल्याकडेही हे अगदी अनोळखी नाही. बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये पुण्यातच ग्राहक पंचायत सुरू केली. पुढच्याच वर्षी निघालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीत कुटुंबांचे संघ झाले, महिन्याची एकत्र मागणी जाऊ लागली आणि आलेला माल सभासद आपापसांत वाटून घेऊ लागले. कुणाच्या तरी दिवाणखान्यात साबण, डाळी आणि रवा यांचे ढीग लागायचे आणि मध्यमवर्ग काही तासांपुरता वाणी व्हायचा. धान्याला हे जमलं कारण तूरडाळ एक दिवस थांबते. पालेभाजी थांबत नाही. ती संध्याकाळपर्यंत मान टाकून सगळ्यांचा सामुदायिक अपराध दाखवते. भाजीतलं पुण्याच्या अंगणातलं ठळक उदाहरण मुळशी तालुक्यातल्या माणचं. तिथे ज्ञानेश्वर बोडके यांनी २००४ मध्ये अभिनव फार्मर्स क्लब उभा केला आणि शेतकऱ्यांच्या गटाने आपला माल शहरातल्या घरांपर्यंत स्वतः पोचवायला सुरुवात केली. त्यातली कळीची गोष्ट ‘गट’ ही आहे. एकट्या शेतकऱ्याने पहाटे पाणी द्यायचं, सकाळी काढणी करायची, दुपारी पुण्याच्या वाहतुकीत टेम्पो घालायचा आणि रात्री ‘दादा, कारली कडू निघाली’ या तक्रारीला उत्तर द्यायचं, तर त्याला शेती करायला रात्रपाळीची वीज येते तेवढाच वेळ उरतो. गट झाला की कुणीतरी एक जण हिशेब, फोन आणि टेम्पो बघतो. तो अडत्याची कामं करतो, फक्त त्याला तसं म्हणायची सोय नसते. सरकारने २०१६ च्या जुलैत फळं-भाज्या बाजार समित्यांच्या नियमनातून मोकळ्या केल्या आणि त्याच वर्षी संत सावता माळींच्या नावाने शेतकरी आठवडे बाजारांचं अभियान आणलं, त्यामुळे वाट कागदावर रुंद झाली. नारायण पेठेत वाट कागदावर रुंद असण्याची कुणाला सवय नाही असं नाही.

आता आक्षेप. पहिला आणि सर्वांत मोठ्या आवाजातला, ‘महाग पडतं’. हा आक्षेप खरा आहे, पण तो मांडण्याची पद्धत बघण्यासारखी असते. तुलना नेहमी मंडईतल्या सर्वांत स्वस्त दिवसाशी, सर्वांत स्वस्त ढिगाशी आणि संध्याकाळच्या साडेआठच्या भावाशी होते. २०२३ सालचा टोमॅटो आठवा. जुलैत तो किलोला शंभर-दीडशेच्या वर गेला. आपल्याच जिल्ह्यातल्या नारायणगावच्या टोमॅटोवाल्यांची नावं वर्तमानपत्रांत आली. सप्टेंबर आला, भाव कोसळले आणि शेतकऱ्यांनी टोमॅटो रस्त्यावर ओतले. ठरलेल्या भावाने घेणाऱ्याला जुलैत फायदा होता आणि सप्टेंबरात तोटा. वर्षाचा हिशेब मांडला तर तो फार वाईट निघत नाही. पण वर्षाचा हिशेब मांडायला दोन्ही महिने त्या शेतकऱ्याकडेच असावं लागतं, आणि पेठेची निष्ठा जुलैत जितकी घट्ट असते तितकी सप्टेंबरात राहत नाही. जुलैत ‘आपला शेतकरी’ असतो. सप्टेंबरात ‘यांचा भाव जरा जास्तच वाटतो नाही?’ असं होतं. शिवाय महाग म्हणजे कुणाला, हेही म्हटलं पाहिजे. दोघांच्या पेन्शनमध्ये बसणारी टोपली कागद वेचणाऱ्या बाईच्या घरात बसत नाही, आणि थेट शेतीच्या प्रचारकांनी हे मान्य करून टाकावं. सगळ्या शहराचं पोट या मार्गाने भरणार नाही. त्यासाठी गुलटेकडी लागते, आणि ती सुधारण्याचं काम दुधीवर ढकलता येत नाही.

दुसरा आक्षेप पेठेच्या स्वभावाला जास्त शोभणारा: ‘विषमुक्त कशावरून?’ याला कायदा उत्तर देत नाही. सेंद्रिय अन्नाचे २०१७ चे नियम सांगतात की छोटा शेतकरी स्वतःचा माल थेट ग्राहकाला विकत असेल तर प्रमाणपत्राची सक्ती त्याला नाही. मग ग्राहकाने काय धरायचं? इथे लोक अळी धरतात. कोबीत एक अळी दिसली की ती शुद्धतेचा शिक्का, दोन दिसल्या की चर्चा आणि तीन दिसल्या की पैसे परत. शेतकऱ्याने नेमक्या किती अळ्या घालाव्यात यावर एकमत होत नाही. थेटपणा म्हणजे शुद्धता हे समीकरणही आपल्याच इतिहासाने खोटं पाडलेलं आहे. दुधाचा रतीब ही थेट खरेदीची पुण्यातली सर्वांत जुनी व्यवस्था. गोठा गवळ्याचा, म्हैस गवळ्याची, हंडा गवळ्याचा, मध्ये कुणी नाही. आणि दुधात पाणी कुणाचं, तर तेही गवळ्याचंच. पण याच रतीबात उत्तर आहे. गवळी रोज दाराशी यायचा, त्याला रोज बोलता यायचं, आणि पाणी किती चालेल याचा एक अलिखित करार दोन्ही बाजूंनी पाळला जायचा. शेतावर महिन्यातून एकदा जाता येणं, फवारणीचा पंप कुठे ठेवलाय ते दिसणं, विहिरीचं पाणी प्यायची हिंमत होणं, यातून जेवढी खात्री होते तेवढीच खरी. नारायण पेठेकडे चौकशी करण्याची जी निसर्गदत्त देणगी आहे ती आजवर शेजाऱ्यांवर आणि त्यांच्या पाहुण्यांवर वाया गेली. तिला पहिल्यांदाच उपयोगाचं क्षेत्र मिळतं आहे. पेठेचा मनुष्य बांधावर उभा राहून ‘हे निळं काय शिंपडलंय?’ असं तीन वेळा, तीन पद्धतींनी विचारतो, आणि ते नुसतं चुन्यात मोरचूद घातलेलं निघालं तरी त्याचं समाधान होत नाही. शेतकऱ्याला प्रमाणपत्राची फी परवडली असती असं वाटायला लागतं.

तिसरा आक्षेप निवडीचा. टोपलीत काय यावं ते आपण ठरवत नाही. मंडईत कसं, आपण वांगी दाबतो, भेंडीचं टोक मोडतो, काकडीचं तोंड चाखतो, नको म्हणतो, दोन पावलं पुढे जातो, हाक आल्यावर मागे येतो आणि शेवटी मूठभर कोथिंबीर आणि चार मिरच्या वरून घालून घेतो. टोपलीशी घासाघीस करता येत नाही, आणि ती वरून काही घालत नाही. हा खरा तोटा आहे; भाजी घेणं हा पेठेतला एक बैठा नसलेला खेळ होता, तो बंद पडतो. मात्र ‘दुसऱ्याने ठरवलेलं आम्ही खात नाही’ हे पेठेने म्हणावं, याला काही आधार नाही. आषाढात कांदेनवमीला कांद्याची भजी, कांद्याची थालीपीठं आणि कांद्याचे झुणके एका दिवसात उरकून हीच पेठ चातुर्मासात कांदा-लसूण-वांगी सोडते. भोगीला पावटा, हरभरा, गाजर, तीळ घातलेली मिसळीची भाजी होते. त्या दिवशी ‘आज मला दोडका हवा’ असं कुणी म्हणत नाही. आणि ऋषिपंचमीला तर बैलाच्या श्रमाचं खायचं नाही म्हणून परसातलं, हाताने लावलेलं अळू, सुरण, पडवळ, माठ शोधत सगळं गाव फिरतं आणि एरवी ज्या भाजीला कुणी विचारत नाही तिला त्या एका दिवशी चढा भाव देतं. उत्पादनाची पद्धत बघून, मूळ विचारून आणि जादा पैसे मोजून भाजी घ्यायची, ही कल्पना परदेशातून आली असं ज्यांना वाटतं त्यांनी भाद्रपद शुद्ध पंचमीला सकाळी मंडईत जाऊन उभं राहावं. पंचांगाने सांगितलेलं चालतं आणि जमिनीने सांगितलेलं चालत नाही, असं असेल तर तक्रार निवडीची नाही. सांगणाऱ्याच्या दर्जाची आहे.

एक आक्षेप असा आहे की त्याला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. मंडईतली गाळेवाली, कोपऱ्यावर पाटी घेऊन बसणारी भाजीवाली, यांचं काय? त्यांचं गिऱ्हाईक टोपलीने नेलं तर त्यांच्या रुपयातले किती पैसे उरतात याचा अभ्यास कुणी आपल्याला पाठवत नाही. कोपऱ्यावरची भाजीवाली आपल्याला ओळखते, सुटे नसले तर उद्या द्या म्हणते आणि चार दिवस दिसलो नाही तर चौकशी करते. ‘शेतकऱ्याशी नातं’ म्हणून जे टोपलीबरोबर विकलं जातं ते ती पाटीबरोबर फुकट देत आली आहे. डिझेलचं गणितही टोपलीच्या बाजूने लागत नाही. दहा टन माल घेऊन येणारा ट्रक किलोमागे जेवढं जाळतो त्यापेक्षा चाळीस टोपल्यांसाठी माणहून नारायण पेठेत येणारा, लकडी पुलावर अडकणारा, अलका चौकात पुन्हा अडकणारा आणि बोळात शिरता येत नाही म्हणून नदीकाठी उभा राहणारा टेम्पो नक्कीच जास्त जाळतो. गणेशोत्सवात तर तो येतच नाही. अनंत चतुर्दशीला केळकर आणि लक्ष्मी रस्त्यावरून फक्त गणपतींना जाता येतं. त्या आठवड्यात पाटीवालीशिवाय तरणोपाय नसतो, आणि तीही हे ओळखून असते. म्हणून माझ्या मते शहाणपण निम्म्यात आहे: पालेभाजी आणि फळभाजी टोपलीची, कांदा-बटाटा-लिंबू आणि ऐनवेळची कोथिंबीर पाटीची. टोपलीवाले याला अर्धवट निष्ठा म्हणतील आणि पाटीवाली काहीच म्हणणार नाही. ती फक्त कोथिंबिरीचा भाव सांगेल.

आणि तरी घ्यावं असं म्हणतो ते का? शेतकऱ्याला चार पैसे जास्त मिळतात म्हणून, हे झालंच. पण अडत्याची कामं महिनाभर स्वतः केल्यावर भावाकडे बघायची नजर बदलते, हे मला जास्त मोलाचं वाटतं. ज्याने एकदा उचल दिली, नासका दुधी स्वतःच्या खात्यावर घातला, मातीची मेथी निवडली आणि रानडुकरांमुळे रताळी सोडली, तो पट्टी या कागदाला हसत नाही आणि मधल्या प्रत्येकाला चोरही म्हणत नाही. कोणत्या कामाचे पैसे रास्त आणि कुठे नुसती मान मुरगळली जाते, हे त्याला बऱ्यापैकी वेगळं करता येतं. हे ज्ञान मंडईत दोन पावलं पुढे जाऊन मागे येण्याने मिळत नाही.

सहा महिन्यांत इमारतीत पाच-सहा टोपल्या येऊ लागल्या की पुढचं आपोआप घडतं. तळमजल्याला दुधी नको असतो. पहिल्या मजल्याला कारलं चालत नाही, दुसऱ्याला मधुमेहामुळे तेच हवं असतं. नवलकोल कुणालाच नको असतो, पण तो नाकारायला प्रत्येक जण संकोचतो. सुरुवातीला देवाणघेवाण प्रेमाने होते. मग दर बसतात: एका दुधीला दोन दोडकी, पडवळाला पाव किलो गवार, आणि श्रावणात अळूची जुडी एकदम वधारते. कुणाला काय नको आणि कुणाला काय हवं हे लक्षात ठेवणारं माणूस मग लागतंच. ते तिसऱ्या मजल्यावर असतं, कारण खाली उतरताना सगळी दारं त्यालाच वाटेत लागतात. त्याच्याकडे वही असते. दुधी खाली जातो, दोडकी वर येतात, आणि प्रत्येक फेरीत चार मिरच्या आणि एखादं लिंबू वहीत न चढता वरच राहतं.